सहा रेघांची पट्टी

प्रिय इबुकी,

त्या सकाळी मी गुडघ्यांवर बसून स्टेजवरच्या चिकटपट्ट्या काढत होते. आदल्या संध्याकाळी चार बँड वाजवून गेले होते आणि प्रत्येकाने आपापल्या जागेच्या खुणा कागदी पट्टीने करून ठेवल्या होत्या. माइक इथे, पेडल इथे, उजवा पाय इथे. पट्टी ओढायची घाई केली की ती अर्धी फाटते आणि डिंक लाकडाला राहतो. गरम पाण्याचं फडकं दोन मिनिटं दाबून धरलं की सुटून येते. मग माइकच्या जाळ्या धुवायच्या, रॉकेलच्या स्टोव्हजवळ वर्तमानपत्रावर पालथ्या घालायच्या, रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरायच्या, तांदूळ भिजवायचे. तोकुजी वर जिन्यातला बर्फ काढत होता. फावड्याचा आवाज थांबला आणि तो वरून ओरडला, "अगं, दुपारी दोनला यायची ती पोरगी सकाळी आठलाच उगवलीय. काहीतरी खायला घाल तिला."

ती तू. आओमोरीहून पहाटेच्या बोटीने आलेली, बावीस वर्षांची, पाठीवर गिटार आणि बुटांत पाणी. दोन वाट्या मिसोचं सूप आणि तीन वाट्या भात खाल्लास आणि मग विचारलंस, की पट्ट्या काढायला मदत करू का. मी म्हटलं, तू आज पट्ट्या लावायला आली आहेस, काढायचं माझं काम आहे.

पंधरा वर्षं झाली त्याला. त्यातली शेवटची पाच आपण एकमेकींशी बोललेलो नाही. दोष माझा आहे, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. मला लिहायची सवय नाही. नववीनंतर शाळा सुटली, पुढचं जे काही आलं ते तिकिटाच्या खिडकीत बसून वाचनालयाची पुस्तकं वाचता वाचता आलं. वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला लिहिताही येईल. तसं नसतं. हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन स्टोव्हमध्ये गेली.

त्या पहिल्या दिवशी तू केलेली चूक तुला आठवते का? आम्ही नंतर कितीदा हसलो तिच्यावर. वाजवायला उभी राहिलीस आणि थंड चहाचा ग्लास सरळ तोकुजीच्या ॲम्पवर ठेवलास. तो ॲम्प म्हणजे त्याचा जीव. बाविसाव्या वर्षी बोटीवर माल चढवून त्याने तो जुना घेतला होता. आत काचेच्या नळ्या, वर सहा बटणं आणि वजन एवढं की दोघांनी उचलावा. तरी तो कधी कुलपात ठेवला नाही. आमच्या तळघरात येणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्याने तोच वापरायचा. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने येऊन तुझा ग्लास उचलला आणि तो हातात धरून तुझी सगळी गाणी होईपर्यंत, पस्तीस मिनिटं, स्टेजच्या कडेला उभा राहिला. हॉटेलातल्या वाढप्यासारखा. लोकांना वाटलं तो तुझ्याच कार्यक्रमाचा भाग आहे. नंतर तू लाजून लाल झालीस तेव्हा म्हणाला, "माझा हात रिकामाच होता. तुझ्या ग्लासला जागा हवी होती." त्यानंतर तू कुणाच्याही वस्तूवर रुमालसुद्धा ठेवला नाहीस. दुसऱ्यांच्या केबलवरून चालताना तू पाय असे उचलायचीस, जणू खाली झोपलेलं मांजर आहे.

तात्सुमी अजून ती गोष्ट सांगतो. तात्सुमी आठवतो ना, ट्राम चालवणारा, तोकुजीच्या बँडचा ड्रमवाला? गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. गुडघा दुखतो म्हणतो, पण रोज अकराला येतो, माझ्या हातची कॉफी वाईट आहे असं सांगतो आणि दोन कप पितो. त्याच्या ड्रमचं स्टूल कुणी खाली-वर केलं आणि पुन्हा होतं तसं ठेवलं नाही, तर तो अजूनही तेच बोलतो: ट्राममध्ये माझी खुर्ची हलवणाऱ्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवत असे. गेली पाच वर्षं त्या स्टुलावर तो स्वतः बसलेला नाही. दुसऱ्यांसाठी त्याची उंची मात्र मोजून ठेवतो.

तोकुजीचे नियम तोंडी होते, दारावर त्याने कधी काही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशी होती त्याची खूण करायची. आपलं वाजवून झालं की बटणं शून्यावर आणायची, पुढच्याच्या कानावर आपला आवाज आदळू नये म्हणून. आणि जो बँड सगळ्यात शेवटी वाजवणार, त्याने दुपारी सगळ्यात आधी सराव करायचा. सगळ्यात आधी वाजवणाऱ्याचा सराव शेवटी. म्हणजे पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर आहे तशी राहते, बटणंही जिथे लावली तिथेच राहतात, आणि दार उघडेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. हे तुला मी काय सांगते आहे! पण तेच मनात घोळतं आहे, म्हणून हातूनही तेच उतरतं.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी पहिला बँड तोकुजीचा होता आणि शेवटचा तुझा. दुपारी तू सराव केलास, तुझी खूण करून बटणं शून्यावर आणलीस, मग म्हातारे उभे राहिले. एका गाण्यावर तोकुजी तीनदा अडला आणि तीनदा तात्सुमीवर ढकललं. तू खाली बसून हसत होतीस आणि म्हणालीस, मास्टर, तीव्र आवाज फार वर नेलाय, कान फाटतील. तो म्हणाला, उजवा कान गेलाय माझा, तुम्ही दोन्ही कानांचं सुख भोगता आणि वर तक्रार करता. मी खिडकीत पैशांचा डबा लावत होते. मान वर करून पाहिलं नाही. रोजचंच होतं सगळं. त्याने गिटार स्टँडला लावली, ॲम्प तसाच ठेवला, आणि म्हणाला लोक घसरतील, जिना पुन्हा साफ करून येतो. साडेपाच वाजले असतील. फावड्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मला वाटलं, कुणीतरी ओळखीचं भेटलं असेल.

पुढचं तुला माहीत आहे, पण एक माहीत नाही. रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर मी गेले. सातला दहा मिनिटं असताना मी तिथून फोन केला, तो तू उचललास. तू विचारलंस, मास्टर कसे आहेत. मी म्हटलं, लोक आले असतील, बर्फातून आलेत, सुरू करा. तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, डॉक्टर बघताहेत. इबुकी, डॉक्टरांचं बघून झालं होतं. वीस मिनिटांपूर्वी त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते शब्द तोंडातून काढता आले नाहीत, आणि तळघरात आगाऊ तिकिटं घेतलेली एकतीस माणसं ओले कोट घेऊन बसली आहेत एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. तो असता तर त्याने सुरू करायलाच सांगितलं असतं. म्हणून मी सांगितलं. हे मी आजपर्यंत कुणालाही बोललेले नाही, तात्सुमीलाही नाही.

तू वाजवलंस. तो परत येईल असं समजून वाजवलंस. वाजवून झाल्यावर, त्याने शिकवलं होतं तसंच, बटणं शून्यावर आणलीस.

चौथ्या दिवशी, सगळे विधी उरकल्यावर, मी तळघरात उतरले. खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला एकाच गोष्टीचा आधार होता. लोक येत होते, वाकत होते, पांढरी फुलं ठेवत होते, आणि मी मनात म्हणत होते, खाली त्याची बटणं आहेत. त्याच्या बोटांनी जिथे सोडली तिथे आहेत. माणसाचा आवाज कुठे साठवलेला नसतो, पण त्याचा होता, सहा बटणांत. मी दिवा लावला आणि पाहिलं तर सहाही शून्यावर. तू मागे जिन्यात उभी होतीस, हातात माझ्यासाठी आणलेले भाताचे गोळे. मी विचारलं, हे कुणी केलं? तू म्हणालीस, मी. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्याचा शेवटचा हात होता तिथे. पुसून टाकलास. तो मरत होता आणि तुला वाजवायची घाई झाली होती." तू काहीतरी सांगायला तोंड उघडलंस. मी म्हटलं, "बोलू नकोस. इथल्या कशालाही पुन्हा हात लावू नकोस." तू गोळ्यांचा डबा पायरीवर ठेवलास, खाली वाकलीस, बराच वेळ वाकून राहिलीस, आणि गेलीस. सेंदाईला गेलीस हे मला तात्सुमीकडून कळलं.

डबा तसाच दोन दिवस पायरीवर होता.

पहिल्या वर्षी तू नववर्षाचं कार्ड पाठवलं नाहीस. सुतकातल्या घरी पाठवायचं नसतं हे तू पाळलंस. पुढच्या वर्षापासून दर वर्षी आलं. छापील शुभेच्छा आणि तुझा पत्ता, बाकी काही नाही. मी ती चारही कार्डं पुस्तकांत खुणेसाठी घालून ठेवली आहेत. उत्तर एकालाही दिलं नाही. कार्ड आलं नसतं तर मला काय झालं असतं ते मात्र दर जानेवारीच्या सुरुवातीला कळायचं. पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून बसायचे आणि स्वतःला सांगायचे, की वीजबिलाची वाट बघते आहे.

ॲम्पवर मी चादर घातली, चादरीवर कागद लावला: हात लावू नये. स्टेजच्या कोपऱ्यात ढकलला. तात्सुमीच्या भाच्याचा एक छोटा ॲम्प आणला आणि सगळे त्यावर वाजवू लागले. कुणी तक्रार केली नाही. आपली माणसं तक्रार करतच नाहीत, छान आवाज आहे म्हणतात आणि पुढच्या वेळी दुसरीकडे वाजवतात.

गेल्या शनिवारी कुशिरोहून तिघींचा बँड आला होता. सराव करतानाच भाच्याच्या ॲम्पने मान टाकली. तात्सुमी माझ्याकडे आला आणि नुसता उभा राहिला. मी म्हटलं, नाही. त्यांच्या गिटारवालीने काहीच मागितलं नाही. तिने गिटारची केबल सरळ सगळ्यांचा आवाज जुळवायच्या टेबलाला जोडली आणि तशीच वाजवली. पत्र्याचा डबा वाजवावा तसा आवाज. पण माझं लक्ष गाण्याकडे नव्हतं. स्टेजवर जागा नव्हती आणि ती प्रत्येक वेळी त्या चादरीला वळसा घालून जात होती, अंग चोरून. तिच्यावर पिशवी ठेवली नाही, कोट टाकला नाही. जाताना तिने आम्हाला वाकून नमस्कार केला, ड्रमला केला, आणि मग वळून त्या चादरीलाही केला. तिला वाटलं असावं, आत कुणीतरी आहे.

सगळे गेल्यावर तात्सुमी खुर्च्या रचता रचता बोलला. "किनुए-सान, दुसऱ्याच्या वस्तूला जपून हात लावावा, हे तोकुजीने आपल्याला शिकवलं. हातच लावू नये असं कधी शिकवलं, तेवढं सांगा. डेपोत ठेवलेली ट्राम जास्त गंजते. चाळीस वर्षं बघत आलोय." मी त्याला म्हटलं, तुझी ट्राम गेली म्हणून तू सगळ्यात ट्राम बघतोस. तो हसला नाही. टोपी घातली आणि गेला. रविवारी तो अकराला आला नाही.

सोमवारी आपली सुट्टी. मी ठरवलं, निदान धूळ तरी झटकू. चादर काढली. बटणांकडे न बघता वरून पुसलं, बाजूंनी पुसलं, मग मागे गेले. ॲम्पची मागची बाजू अर्धी उघडी असते, विजेची वायर गुंडाळून आत ठेवतात. पाच वर्षांत ती कुणी सोडली नव्हती, कारण पाच वर्षांत तो कुणी चालूच केला नव्हता. मी वायर बाहेर काढली, आणि तिच्यामागे, लाकडाला, एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर सहा छोट्या रेघा, प्रत्येक वेगळ्या बाजूला कललेली, आणि खाली तुझं बारीक अक्षर: "मास्टर. पहिला बँड. अजून वाजवायचं आहे."

मी दिवा जवळ आणून ते पुन्हा वाचलं.

त्याच्या बटणांना हात लावण्याआधी तू खूण केली होतीस. केलीच असणार, हे माझ्या डोक्यात पाच वर्षांत एकदाही कसं आलं नाही? आणि ज्याला ॲम्प चालू करायचा आहे त्याला पट्टी दिसेलच, अशा जागी लावलीस. तो परत येईल, वायर सोडेल, पट्टी बघेल, बटणं लावेल आणि राहिलेलं वाजवेल. त्याच्यासाठी लावलीस. नंतर तेच मला सांगायला तू तोंड उघडलं होतंस आणि मी बोलू दिलं नाही. कार्डावर चार शब्द लिहायचे होतेस, असं एकदा मनात आलं. पण मी तुला हात लावू नकोस म्हटलं होतं, आणि तू दुसऱ्याच्या वस्तूला शब्दानेही हात लावणाऱ्यांतली नाहीस. मी चादर घालून जे जपत बसले होते ते तिथे नव्हतं, आणि जे होतं त्याच्यावर मीच चादर घातली होती.

मग मी पट्टी सोडवली. गरम पाण्याचं फडकं लावून, सावकाश. अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून मागच्या बाजूने. ती बटणांखाली लावली आणि एकेक बटण रेघेवर आणलं. पाचवं, तीव्र आवाजाचं, जवळजवळ टोकाला गेलं. तू म्हणालीस ते खरं होतं, कान फाटले असते. वायर लावली, चालू केलं. लाल दिवा लागला, काचेच्या नळ्या तापायला वेळ लागला, आणि मग तो हलका घुंऽऽ सुरू झाला, जो दार उघडायच्या आधी अर्धा तास रोज तळघरात असायचा आणि मला कधी ऐकूच येत नसे. त्याची गिटार घरून आणली होती. मला वाजवता येत नाही. अंगठ्याने वरची एक तार छेडली. सूर पार उतरला होता. पण आवाज त्याचा होता, इबुकी. त्या अर्ध्या बहिऱ्या माणसाचा, टोकदार, जरा भांडखोर. मी पुन्हा छेडली. किती वेळ छेडत बसले ते सांगत नाही. एकच तार, आणि मधे मधे नुसता तो घुं ऐकत. तीन दिवस ज्याचा आधार धरला होता तो सापडला होता, आणि तो मला म्हणत होता, की अजून वाजवायचं आहे, आणि मला तर वाजवता येत नाही.

म्हणून हे पत्र. मी तुला जे बोलले त्याची माफी मागते. फोनवर जे बोलले नाही त्याचीही. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पहिल्या बँडची जागा मी रिकामी ठेवली आहे. तात्सुमीला विचारलं, तर म्हणाला त्याचा गुडघा तयार आहे, बोटांचं माहीत नाही. गिटारवाला नाही. सेंदाईहून आता बोगद्यातून चार तासांत येता येतं म्हणे. दुपारी यायचं तर दुपारी ये, पण सकाळी आठला आलीस तरी भात झालेला असेल. तोकुजीच्या बँडची गाणी तुला येतात. मात्र त्याचा आवाज लावू नकोस, तुझा लाव. पट्टी मी ठेवून घेते, एवढा एक हट्ट चालवून घे. तुझ्या चार कार्डांबरोबर ठेवली आहे. सोमवारी दिवे मालवेपर्यंत ॲम्प त्याच्या रेघांवरच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर धुऊन वाळत घातली, तात्सुमीला बोलावून ॲम्प कोपऱ्यातून पुन्हा त्याच्या जागी नेला, आणि सहाही बटणं शून्यावर आणली.

तुझीच,
किनुए